निर्भय शस्त्रक्रियेचा जनक : जोसेफ लिस्टर

आज एखाद्याचा अपघातात पाय मोडला, अथवा कोणाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावयाची असली, म्हणजे आपण त्याला रुग्णालयात नेतो. घरच्या माणसांना काळजी वाटते, नाही असे नाही. परंतु थोड्या दिवसांनी आपला माणूस बरा होऊन घरी येईल, असा भरवसाही त्यांच्या मनात असतो. हा भरवसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील मोठमोठ्या शहरांत रुग्णालयाचे नाव काढताच माणसांचा थरकाप होत असे. शस्त्रक्रियेच्या मेजावर निजणे म्हणजे मृत्यूच्या दारात जाऊन बसणे, असे लोक समजत. आणि त्यांचे समजणे खोटे नव्हते. मानवजातीच्या मनातील ही भीती ज्यांनी दूर केली, त्या थोर शल्यविशारदाचे नाव जोसेफ लिस्टर.

जोसेफचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन या गावी झाला. त्याचे घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, सत्य भाषण, शांत वृत्ती आणि परोपकार यांना या पंथात फार मोल असे. जोसेफचे वडील मद्याचे व्यापारी होते; पण त्यांचे मन रमे ते सूक्ष्मदर्शक यंत्रात. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता वस्तूच्या कडा अस्पष्ट दिसत आणि तिच्याभोवती रंगांची झालर उमटे. जोसेफच्या वडिलांनी निरनिराळी भिंगे एकमेकांशी जुळवून हा दोष पुष्कळसा दूर केला. या कामगिरीबद्दल १८३२ साली रॉयल सोसायटी या विख्यात विद्वत्सभेने त्यांना आपले सदस्य करून घेतले. ज्या घरी वडील फावल्या वेळात भिंगे घासत बसत, त्या घरी जोसेफ वाढला. डोळ्यांना न दिसणारेही एक जग आहे, हे त्याला बाळपणीच कळले होते.

लहानग्या जोसेफला प्राण्यांची हाडे गोळा करण्याचा, ती नीट जुळवण्याचा आणि त्यांची चित्रे काढण्याचा नाद होता. आपण शस्त्रवैद्य व्हावयाचे, हे त्याने शाळेत असतानाच ठरवून टाकले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या जुन्या विद्यापीठांच्या पदव्या त्या काळी क्वेकरांना मिळत नसत. म्हणून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. शिक्षण चालू असता त्याला देवी आल्या. आजारातून तो उठला. पण मन खचले आणि काही काळ अभ्यास सोडून द्यावा लागला. विश्रांतीनंतर तो पुन्हा नव्या उमेदीने परतला व १८५२ साली वैद्यकाची पदवी त्याने सन्मानाने मिळवली.

त्याच्या विद्यार्थिदशेतच वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. १८४६ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन या शस्त्रवैद्यांनी ईथरची भूल देऊन एका रोग्याचा पाय कापला. पाहणाऱ्यांच्या गर्दीत तरुण लिस्टरही होता, असे सांगतात. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ यातना असत. धडधाकट माणसांनी रोग्याला घट्ट धरून ठेवावे आणि शस्त्रवैद्याने क्षणाचाही विलंब न लावता सुरी चालवावी, अशी रीत होती. भुलीच्या औषधाने या यातना संपल्या. आता शस्त्रक्रियेची भीती उरली नाही, असे सर्वांना वाटले.

परंतु वेदना जिंकली गेली, तरी मृत्यू जिंकला गेला नव्हता. रोगी निश्चल पडून राहतो असे पाहून शस्त्रवैद्य अधिक धीट झाले. ते अधिक खोल आणि अधिक वेळ चालणाऱ्या शस्त्रक्रिया करू लागले. शस्त्रक्रिया यशस्वी होई. रोगी शुद्धीवर येई. दोन-तीन दिवस बरे जात. मग जखमेभोवतीची कातडी लाल होई, अंगात कडकडून ताप भरे, जखमेत पू होई, मांस कुजू लागे आणि रोगी दगावे. एका खाटेवरचा रोगी गेला, की शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची तीच गत होई.

त्या काळच्या रुग्णालयांत शस्त्रवैद्य जो जुना काळा कोट घालून शस्त्रक्रिया करीत, त्यावर रक्तापुवाचे थर वाळलेले असत. आणि कोट जितका मळका, तितका वैद्य अनुभवी, असा समज होता. एका रोग्याच्या जखमेत घातलेले बोट तसेच दुसऱ्याच्या जखमेत जाई. सुऱ्या आणि चिमटे फडक्याने पुसून पेटीत ठेवून देत. हात धुवावयाचेच तर ते शस्त्रक्रियेनंतर, आधी नव्हे. हे सारे निष्काळजीपणाने होत होते असे मात्र नाही. जखम कुजते ती दूषित हवेमुळे, अशी मोठमोठ्या विद्वानांचीही समजूत होती. आणि हवेपुढे कोण काय करणार?

१८५३ साली लिस्टर स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथील विख्यात शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्या हाताखाली काही आठवडे काढावेत, एवढाच त्यांचा बेत होता. पण ते तेथेच रमले. साइम यांची कन्या अ‍ॅग्नेस हिच्याशी १८५६ साली त्यांचा विवाह झाला. अ‍ॅग्नेसबाईंचे साहाय्य त्यांना जन्मभर लाभले. त्या प्रयोगशाळेत पतीच्या बरोबरीने काम करीत आणि प्रयोगांची टिपणे तासन्‌तास लिहून घेत. लिस्टर यांच्या टिपणवह्यांची कितीतरी पाने अ‍ॅग्नेसबाईंच्या हस्ताक्षरात आहेत.

१८६० साली ग्लासगो विद्यापीठात शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून लिस्टर यांची नेमणूक झाली आणि पुढील वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाच्या काही कक्षांचा कारभार त्यांच्याकडे आला. इमारत नवी होती. पण मृत्यूला नव्या-जुन्याचा भेद नव्हता. १८६४ ते १८६६ या काळात तेथे त्यांनी ३५ रोग्यांचे हात अथवा पाय कापले. त्यांपैकी १६ रोगी दगावले. जवळजवळ निम्मे! सुरी चालवणारा हात कुशल होता, मन दयाळू होते, तरीही हे घडत होते. आपल्या हातून माणसे वाचण्याऐवजी मरतात, हे शल्य लिस्टर यांना स्वस्थ बसू देईना.

एक कोडे त्यांच्या मनात सारखे घोळत असे. हाड मोडले, पण वरची कातडी शाबूत राहिली, तर ते हाड काही आठवड्यांत सांधून येई; जखम कुजणे नाही, पू नाही, ताप नाही. तेच हाड कातडी फाडून बाहेर डोकावले, की रोग्याच्या जिवावर बेते. हाड तेच, मोडणेही तेच. मग एवढा फरक का? कातडी फाटल्यावर बाहेरून आत काहीतरी शिरत असले पाहिजे. ते काय असावे? नुसती हवा असेल, तर छातीत बरगडी टोचून फुप्फुसातील हवा मांसात शिरते, तेव्हा तेथे पू का होत नाही?

१८६५ साली या कोड्याची किल्ली त्यांना सापडली. ग्लासगो येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी त्यांना फ्रान्समधील लुई पाश्चर यांचे लेख वाचावयास सुचविले. पाश्चर हे वैद्य नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. दूध का नासते, मद्य का आंबते, याचा ते शोध करीत होते. त्यांनी हंसाच्या मानेसारखी लांब, वाकडी नळी असलेली काचपात्रे घेतली आणि त्यांत मांसरस वगैरे चटकन नासणारे द्रव उकळून ठेवले. नळीतून हवा आत जात होती. पण हवेतील धूळ मात्र नळीच्या बाकात अडकून राहत होती. द्रव कित्येक दिवस जशाचा तसा राहिला. नळी मोडताच तो नासू लागला. यावरून द्रव नासतो तो हवेमुळे नव्हे, तर हवेतील धुळीबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, हे पाश्चर यांनी सिद्ध केले.

लिस्टर यांनी ते लेख वाचले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मांसरस ज्या कारणाने नासतो, त्याच कारणाने जखमही कुजत असली पाहिजे. शाबूत कातडी ही त्या वाकड्या नळीसारखी आहे; ती फाटली, की शत्रू आत शिरतो. असे असेल, तर जंतू जखमेत पोचण्यापूर्वी अथवा पोचताक्षणी त्यांना मारले पाहिजे. पण मारावे कसे? द्रव उकळता येतो, माणसाची जखम उकळता येत नाही. तेव्हा जंतू मरतील आणि माणूस जगेल असे एखादे रसायनच हवे होते.

याच सुमारास इंग्लंडमधील कार्लाइल शहरचे एक वृत्त लिस्टर यांच्या कानी आले होते. तेथे सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी त्यात कार्बॉलिक ॲसिड मिसळीत. हे द्रव्य दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात. त्या सांडपाण्यावर वाढलेल्या कुरणांत दुर्गंधी तर उरली नाहीच, पण तेथे चरणाऱ्या गुरांना होणारे कृमींचे विकारही थांबले. हेच द्रव्य जखमेवर वापरून पाहावयाचे, असे लिस्टर यांनी ठरविले. १८६५ च्या मार्च महिन्यात केलेला पहिला प्रयत्न फसला. तथापि दोष कल्पनेचा नसून आपल्या वापरण्याच्या रीतीचा आहे, असे त्यांना वाटले आणि ते योग्य संधीची वाट पाहू लागले.

ती संधी १२ ऑगस्ट १८६५ रोजी आली. त्या दिवशी अकरा वर्षांच्या एका मुलाला रुग्णालयात आणले. एका रिकाम्या गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. गुडघ्याखाली हाड मोडले होते, कातडी फाटली होती आणि दीड इंच लांब व पाऊण इंच रुंद अशी जखम उघडी पडली होती. जखमेत पू होऊन विष अंगभर पसरण्याआधी असा पाय सरळ कापून टाकावा, असा त्या काळी अनेक शस्त्रवैद्यांचा सल्ला असे. म्हणजे मुलाला जन्मभर कुबडीचा आधार घ्यावा लागला असता. आणि पाय कापूनही तो जगेलच, याची शाश्वती नव्हती.

लिस्टर यांनी पाय कापला नाही. कार्बॉलिक ॲसिडात भिजवलेले मऊ कापड त्यांनी जखमेवर ठेवले, पायाच्या दोन्ही बाजूंना कापूस लावलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या आणि मुलाला निजवून ठेवले. चार दिवस त्यांनी पट्टीला हात लावला नाही. पू होणार असेल, तर त्याची चिन्हे याच दिवसांत दिसू लागतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ते चार दिवस त्यांना किती दीर्घ वाटले असतील!

चौथ्या दिवशी मुलगा म्हणू लागला, की पायाला कसेसेच होते. लिस्टर यांनी पट्टी सोडली. नेहमीची ती ओळखीची दुर्गंधी आली नाही. पू नव्हता. जखमेच्या कडेची कातडी मात्र किंचित लाल झाली होती. ती जंतूंमुळे नव्हे, तर तीव्र औषधाने भाजल्यामुळे, हे पुढे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी औषध प्रथम पाण्यात आणि नंतर ऑलिव्हच्या तेलात मिसळून सौम्य केले. जखम गुलाबी दिसू लागली व हळूहळू भरत आली. सहा आठवड्यांनी पट्ट्या काढून पाहतात, तो हाड घट्ट सांधलेले! आणखी दोन दिवसांत जखम पूर्णपणे भरली. जो पाय कापला जावयाचा, त्याच पायाने चालत घरी जाण्याचे भाग्य त्या मुलाला लाभले.

दैवाचा खेळ पाहा. ज्या दिवशी हा मुलगा रुग्णालयात आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, व्हिएन्नाजवळ इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरीच्या डॉक्टरांचा अंत झाला. १८४७ सालीच त्यांनी आपल्या हाताखालच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावून कितीतरी बाळंतिणींचे प्राण वाचविले होते. परंतु त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. निराशेने त्यांचे मन बिघडले आणि वेड्यांच्या रुग्णालयात, जखम चिघळूनच ते गेले. लिस्टर यांना त्या वेळी त्यांचे नावही ठाऊक नव्हते. एका हातातून मशाल गळून पडावी आणि त्याच क्षणी दूरवर दुसऱ्या कोणी ती पेटवावी, तसे हे झाले.

पुढील काळात लिस्टर यांनी हाड मोडून जखम उघडी पडलेल्या अकरा रोग्यांवर या रीतीने उपचार केले. त्यांतील नऊ पूर्ण बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला व एक दगावला. १८६७ साली त्यांनी हा सारा वृत्तांत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपले अपयशही त्यांनी त्यात झाकून ठेवले नाही. शस्त्रवैद्याचे हात, त्याची हत्यारे, जखम व पट्टी या सर्वांना कार्बॉलिकच्या पाण्याचा स्पर्श झालाच पाहिजे, असा त्यांनी दंडक घातला. त्याचे फळ लवकरच दिसले. १८६७ ते १८६९ या काळात त्यांनी ४० रोग्यांचे हात अथवा पाय कापले. त्यांपैकी दगावले केवळ ६.

याच वर्षी त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. त्यांची सख्खी बहीण कर्करोगाने आजारी पडली. शस्त्रक्रिया केली, तर ती जगणार नाही, असे इतर शस्त्रवैद्यांनी सांगितले. भावावर बहिणीचा पूर्ण विश्वास होता. ज्या हाताने तिला राखी बांधून घ्यावी, असे आपण म्हणू, त्या हातात सुरी घेण्याची वेळ लिस्टर यांच्यावर आली. १८६७ च्या जून महिन्यात त्यांनी आपल्या राहत्या घरी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. जखम पू न होता भरून आली आणि ती आणखी सुमारे तीन वर्षे जगली. आपल्या पद्धतीवर लिस्टर यांची श्रद्धा किती दृढ होती, हे यावरून दिसून येते.

तरीही जगाने त्यांचे लगेच ऐकले नाही. क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणणारे जेम्स सिम्सन यांच्यासारख्या थोर डॉक्टरांनीही त्यांना विरोध केला. जे डोळ्यांना दिसत नाही, ते माणसाला मारते, ही गोष्ट कित्येकांना पोरकट वाटे. काहींनी ही पद्धत अर्धीमुर्धी वापरली आणि गुण आला नाही म्हणून तिला नावे ठेवली. कार्बॉलिकमध्ये बुडवलेले हत्यार जमिनीवर पडले, की ते उचलून तसेच वापरावयाचे, असा त्यांचा खाक्या! लिस्टर वादात शिरले नाहीत. ते आपले प्रयोग करीत राहिले, विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले आणि येईल त्याला आपले कक्ष मोकळ्या मनाने दाखवीत राहिले.

जंतूंना आवर घालता येऊ लागल्यामुळे शस्त्रक्रियेच्या नव्यानव्या रीती शोधणे आता शक्य झाले होते. पूर्वी कापलेली रक्तवाहिनी रेशमी अथवा सुती धाग्याने बांधीत आणि धाग्याची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवीत. धागा कुजून सुटला, की तो ओढून काढीत. त्या टोकांच्या वाटेने जंतू आत शिरत व पुष्कळदा पुन्हा रक्तस्राव होई. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट नावाचा धागा जंतुरहित करून घेतला. तो त्यांनी एका वासराच्या मानेतील रक्तवाहिनीला बांधला आणि टोके आखूड कापून जखम बंद केली. महिन्याभराने पाहिले, तो धाग्याच्या जागी शरीराने आपलाच जिवंत तंतुपट्टा निर्माण केला होता! आत विरघळून जाणारे टाके आज जगभर घातले जातात; त्यांच्या प्रसाराचा पाया १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने घातला.

१८६९ साली लिस्टर एडिंबरोस परतले. दोन वर्षांनी स्वतः व्हिक्टोरिया राणीच्या काखेत गळू झाले, तेव्हा ते फोडण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील १८७०-७१ च्या युद्धानंतर जर्मन शस्त्रवैद्यांनी त्यांची पद्धत आस्थेने अभ्यासली. म्युनिकच्या रुग्णालयात जखमा कुजण्याच्या रोगाने थैमान घातले होते. ही पद्धत सुरू होताच तो रोग तेथून हटला. १८७५ साली लिस्टर जर्मनीत गेले, तेव्हा त्यांचे एखाद्या विजयी सेनापतीसारखे स्वागत झाले. पण हा सेनापती माणसे मारून नव्हे, तर वाचवून विजयी झाला होता.

मायदेशाची राजधानी मात्र अजून जिंकावयाची होती. १८७७ साली लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले. आरंभी त्यांच्या व्याख्यानांना फारसे विद्यार्थी येत नसत. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांनी एका रोग्याची मोडलेली गुडघ्याची वाटी सांधण्याचे ठरविले. बंद असलेला गुडघ्याचा सांधा आपण होऊन उघडणे म्हणजे रोग्याचा जीव धोक्यात घालणे, असे तेव्हा मानीत. लिस्टर यांनी सांधा उघडला, वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेने एकत्र बांधले आणि जखम शिवली. पू झाला नाही. वाटी सांधली गेली. या एका शस्त्रक्रियेने अनेक शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

लिस्टर यांचा मोठेपणा शोध लावण्यात होता, तसाच चूक सोडून देण्यातही होता. हवेतील जंतू मारण्यासाठी त्यांनी १८७१ च्या सुमारास कार्बॉलिकचा फवारा उडविणारे यंत्र वापरावयास सुरुवात केली. त्या तुषारांनी डॉक्टरांचे डोळे चुरचुरत, हात पांढरे पडत. तरी तो त्रास ते सोशीत. पुढे कळले, की हवेतील जंतूंपेक्षा हातांवरचे व हत्यारांवरचे जंतू कितीतरी अधिक घातक असतात. तेव्हा लिस्टर यांनी फवारा सोडून दिला. इतकेच नव्हे, तर १८९० साली बर्लिन येथे जगातील नामवंत डॉक्टरांच्या सभेत आपण या यंत्राची शिफारस केली याची आपल्याला लाज वाटते, अशी स्पष्ट कबुली दिली. कीर्तीच्या शिखरावर उभे राहून आपली चूक कबूल करणारे लोक विरळाच.

स्वभावाने ते शांत, मितभाषी आणि हळवे होते. गरिबातील गरीब रोग्यालाही ते आदराने वागवीत आणि त्याला दुखू नये म्हणून जपत. एका लहान मुलीने आपली पाय तुटलेली बाहुली त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्यांनी गंभीरपणे सुईदोरा मागवून बाहुलीचा पाय शिवून दिला, अशी त्यांची एक आठवण सांगतात. आपल्या शोधाचे श्रेय ते नेहमी पाश्चर यांना देत. १८७४ साली पत्र लिहून त्यांनी पाश्चर यांचे आभार मानले. २७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा समारंभ पॅरिस येथे झाला. त्या वेळी लिस्टर यांनी वैद्यकशास्त्राच्या वतीने त्यांचे ऋण मान्य केले. पक्षाघाताने दुबळे झालेले पाश्चर आसनावरून उठले आणि त्यांनी लिस्टर यांना मिठी मारली. एकाने शत्रू शोधला होता, दुसऱ्याने त्याला जखमेच्या उंबरठ्यावर अडविले होते.

पुढील वर्षी इटलीत प्रवासात असताना अ‍ॅग्नेसबाई न्यूमोनियाने गेल्या. तेव्हापासून लिस्टर यांचा उत्साह ओसरला. मान मात्र चालत आले. १८९५ पासून १९०० पर्यंत ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १८९७ साली त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. इंग्लंडात हा मान मिळालेले ते पहिलेच शस्त्रवैद्य होत. १० फेब्रुवारी १९१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात, जेथे राजे आणि महापुरुष चिरनिद्रा घेतात, त्यांचा अंत्यविधी झाला. परंतु त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा देह पत्नीच्या शेजारी साध्या दफनभूमीत ठेवण्यात आला.

लिस्टर यांच्या हयातीतच त्यांच्या पद्धतीपुढे विज्ञानाने आणखी पाऊल टाकले. जखमेतील जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोचूच न देणे अधिक चांगले, हे ध्यानी आले. आणि हत्यारे वाफेने निर्जंतुक करणे, रबरी हातमोजे, स्वच्छ अंगरखे व मुखपट्ट्या यांचा प्रसार झाला. पुढे शस्त्रवैद्यांच्या हाती अधिक नाजूक साधने आली. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे या शस्त्रवैद्यांनी पोट फाडून न उघडता, लहानशा छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालून पित्ताशय काढले. आज अशा शस्त्रक्रिया आपल्याकडील अनेक शहरांत होतात. जखम लहान, वेदना थोडी आणि रोगी लवकर घरी! परंतु ती दुर्बीण पोटात शिरण्यापूर्वी निर्जंतुक केली नाही, तर ते बोटभर छिद्रदेखील जीव घेऊ शकेल. शस्त्रक्रियेची रीत कितीही नवी असो, तिचा पहिला धडा लिस्टर यांनीच घालून दिलेला आहे.

लिस्टर यांनी सुरीला नवी धार लावली नाही. त्यांनी तिला स्वच्छता शिकविली. ज्या कोड्याजवळून हजारो डॉक्टर रोज जात होते, त्यापुढे ते थांबले, त्याचे कारण त्यांनी शोधले आणि सापडलेले सत्य लोकांनी हसून झिडकारले, तरी सोडले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी शस्त्रवैद्य नळाखाली आपले हात शांतपणे चोळून धुताना दिसला, तर त्या साध्या कृतीमागे अकरा वर्षांच्या एका मुलाचा वाचलेला पाय आणि एका सत्यनिष्ठ माणसाची जन्माची तपश्चर्या उभी आहे, हे आपण विसरू नये.